बंड्या गाडीत चढत नाही

पायवाट
मंडळी, मदत हवी आहे.

बंड्या हा आमचा कुत्रा, तीन वर्षांचा, वजन २४ किलो, आठ महिन्यांपूर्वी आमच्याकडे आला. घरात एकदम गुणी. पट्टा ओढत नाही, पाहुण्यांवर उड्या मारत नाही, बोका समोरून गेला तरी नुसता सुस्कारा टाकतो. पण गाडी दिसली की संपलं. साधारण दहा फुटांवर चारही पाय रुततात, मग बसकण. तिथून ओढायला गेलं की गळपट्ट्यातून डोकं काढून मोकळा होतो. (दोनदा झालंय.)

आतापर्यंतचे उद्योग सांगतो. सीटवर चिकनचे तुकडे ठेवले. पहिल्या दिवशी चढला, मी पटकन दार लावलं आणि स्वतःवर जाम खूश झालो. त्यानंतर चिकन दिसलं तरी मागे सरकतो. आता तर घरातही मी तो डबा काढला की आधी माझ्या चेहऱ्याकडे बघतो आणि मग डब्याकडे. दोघांनी मिळून दोनदा उचलूनही घातला. दुसऱ्या वेळी माझ्या दंडावर ओरखडे आणि सीटवर त्याची सू.

आठ आठवड्यांनी घर बदलतोय. तीन तासांचा रस्ता आहे. बंड्याला सोडून जाणार नाही, हे आधीच सांगतो. गाडी हॅचबॅक. काय करू?

खारूताई
आधी प्रश्नांची सरबत्ती, राग मानू नका.

लाळ गळते का? गळत असेल तर गाडी सुरू झाल्यावर की आधीच? उलटी होते का? घरात पलंगावर, जिन्यावर बिनधास्त चढतो का? तुम्ही मागचं दार उघडता की डिकी? आणि आजवर गाडीत बसून तो कुठे कुठे गेलाय, त्याची यादी द्या.

नुसतं "चढत नाही" यावरून काहीच कळत नाही हो. दुखत असेल, मळमळत असेल किंवा घाबरत असेल. तिन्हींवर करायच्या गोष्टी वेगळ्या.

सडेतोड
उचला आणि आत टाका. चार दिवस ओरडेल, मग गपगार. आमच्या लहानपणी कुत्र्यांना मानसशास्त्र नव्हतं.

ओवी
सडेतोड, २४ किलो उचलायला तुम्ही येणार का? :)

पायवाट, खारूताईंच्या जिन्याच्या प्रश्नाचं उत्तर नीट बघून द्या. आमची लॅब्रॅडॉर नऊ वर्षांची. आयुष्यभर गाडीत उडी मारून बसणारी. एक दिवस दारापाशी थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. पुढचे पाय सीटवर ठेवायची आणि तशीच उभी. आम्ही म्हटलं वय झालं, नखरे सुरू झाले. मग घरात लक्ष गेलं की ती बसतानाही एक मागचा पाय बाहेर काढून तिरकी बसते. गुडघ्याचा लिगामेंट अर्धवट फाटलेला निघाला. तीन आठवडे मी तिला "चल ना, नाटकं पुरेत" म्हणत होते. अजून आठवलं की कसंतरी होतं.

आधी चढणारा कुत्रा अचानक चढेनासा झाला तर पहिल्यांदा डॉक्टर. तिच्यासाठी नंतर रॅम्प घेतला. त्याबद्दल एकच सांगते: आखूड घेऊ नका. आखूड रॅम्प गाडीला लावला की घसरगुंडी होते, आणि एकदा पाय सटकला की कुत्रं परत त्यावर पाऊल ठेवत नाही. पहिला आठवडाभर तो घरात जमिनीवर सपाट पसरून ठेवा आणि त्यावरून नुसतं चालू द्या.

पायवाट
उत्तरं:

लाळ गळते, आणि गंमत म्हणजे गाडी सुरू व्हायच्या आधीच. मी नुसता बाजूला उभा असतो तेव्हाही हनुवटीवरून तार लोंबते. उलटी एकदाच, पहिल्या दिवशी. पलंगावर मालकी हक्काने चढतो, गच्चीचा जिना माझ्याआधी संपवतो. दुखण्याचं लक्षण दिसत नाही, तरी परवा डॉक्टरांना घरी बोलावून सांधे तपासून घेतले. ठीक आहेत. सुरुवातीला डिकीत चढवायचो, हल्ली मागच्या दाराने.

प्रवासांची यादी: पहिला निवारा केंद्रातून आमच्या घरी, डिकीत पिंजऱ्यात, दीड तास. मग डॉक्टर. मग परत डॉक्टर. मग आम्ही बाहेरगावी गेलो तेव्हा चार दिवसांसाठी कुत्र्यांच्या पाळणाघरात.

लिहिताना माझं मलाच कळलं.

बोकोबा
चुकून आलो या धाग्यावर. आमच्या बोक्याला गाडी फार प्रिय, फक्त ती बंद असावी आणि तो बोनेटवर असावा. चालू द्या.

शेपूटवाला
पायवाट, यादी वाचली. बंड्याच्या हिशेबात गाडी म्हणजे अशी खोली, जिचं दार लागतं, जमीन हलते, पोट ढवळतं आणि दार उघडतं तेव्हा समोर सुई असते. मीसुद्धा चढलो नसतो.

चिकनचं जे झालं ते नेहमी होतं. तुम्ही चिकन आधी दाखवलं, तो आत गेला, दार लागलं. सापळ्यातला तुकडा झाला तो. आता त्याच्यासाठी चिकन हीच धोक्याची खूण आहे. म्हणून आधी दोन गोष्टी करा. खाऊ बदला, म्हणजे त्याने गाडीच्या संदर्भात कधी न पाहिलेला काहीतरी आणा. आणि क्रम उलटा करा: आधी त्याला गाडी दिसली पाहिजे, मग खाऊ आला पाहिजे. खाऊ नाकासमोर धरून पुढे न्यायचं पूर्ण बंद.

तो दहा फुटांवर रुततो ना? मग तुम्ही पंधरा फुटांवर थांबा. गाडी सावलीत, इंजिन बंद, आत कुणी नाही. गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस घाला, म्हणजे डोकं काढून पळणं थांबेल. पट्टा इतका सैल की मधला भाग जमिनीला टेकतोय. आता काही बोलू नका. त्याने गाडीकडे पाहिलं की "शाब्बास" म्हणायचं आणि खाऊ टाकायचा, तोही गाडीच्या विरुद्ध दिशेला. तो खायला वळेल, खाईल, आणि परत गाडीकडे बघायचं की नाही ते तो ठरवेल. परत बघितलं, परत शाब्बास. दोन मिनिटं झाली की घरी. दिवसातून दोन-तीनदा. "आज छान चाललंय, अजून थोडं करू" हा मोह टाळा, बहुतेक गोष्टी तिथेच बिघडतात.

त्याचं तोंड वाचायला शिका. खाणं नसताना जिभल्या चाटणं, झोप नसताना जांभई, कान मागे, डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरं दिसणं. आणि आवडीचा खाऊ तोंडापाशी येऊन नाकारला, तर तुम्ही फारच जवळ आलात. पाच फूट मागे जायचं, त्यात कमीपणा नाही.

तो गाडीला टेकून निवांत वास घेऊ लागला की बोगदा करा. मागची दोन्ही दारं सताड उघडी. एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. बहुतेक कुत्र्यांना आत जाण्यापेक्षा आत अडकण्याची धास्ती जास्त असते. समोर उजेड दिसला की निम्मं ओझं उतरतं. सीटच्या पुढची पाय ठेवायची खोलगट जागा जुन्या उशा-चादरींनी भरून काढा. कुत्र्याला तो खड्डा दिसतो. सीट गुळगुळीत असेल तर योगा मॅट अंथरा. गाडीत ते सुगंधी काहीतरी लटकवलेलं असेल तर काढून टाका. आपल्याला मंद वाटणारा वास त्याच्या नाकाला असह्य असू शकतो.

पुढचे दोन पाय आत ठेवले तरी बक्षीस, आणि लगेच उतरू द्या. इथे लोक घाई करतात. अर्धा चढलाय ना, मागून जरा ढकलू. ढकललं की पंधरा दिवस पाण्यात. तो दहा वेळा चढून दहा वेळा उतरला तर अकराव्यांदा बसेल, कारण उतरता येतं हे त्याला पक्कं कळलेलं असेल.

बाकीचं याच चालीवर. एक दार बंद, दुसरं उघडं. मग दुसरं वीतभर ढकलून परत उघडायचं. मग पूर्ण लावून लगेच उघडायचं. इंजिन वेगळ्या दिवशी, पुढे दुसरं कुणीतरी बसलेलं असताना. आधीची पायरी त्याला कंटाळवाणी वाटायला लागली की पुढची घ्या. आणि तोवर त्याला गाडीतून कुठेही नेऊ नका. डॉक्टर घरी येतात म्हणालात, उत्तमच.

सडेतोड
म्हणजे गाडी घ्यायची आणि दोन महिने तिच्याभोवती प्रदक्षिणा घालायच्या. उद्या पायात काच घुसली, तर बोगदा करत बसणार का?

शेपूटवाला
बरोबर प्रश्न. नाही बसणार, उचलणार. एक हात छातीखालून, दुसरा मागच्या मांड्यांच्या मागून घेऊन अंगाशी धरायचं. पुढच्या पायांना धरून लटकवायचं नाही. पाठीला किंवा पायाला जबर मार असेल तर जाड चादरीची झोळी करून दोघांनी न्यायचं. दुखत असताना गरीब कुत्रंही चावतं, म्हणून तोंडाला जाळी लावायची, पण उलटी होत असेल किंवा श्वास लागला असेल तर अजिबात नाही. मग घरी आल्यावर सराव चार पायऱ्या मागे जाईल. जाऊ दे. पण रोजच आणीबाणीसारखं वागायचं कारण नाही.

निशिगंध
मी प्राण्यांच्या दवाखान्यात काम करते, डॉक्टर नाही. लाळेबद्दल लिहिते, कारण पायवाटांच्या उत्तरात तेच मला जास्त महत्त्वाचं वाटलं.

रशियन शास्त्रज्ञ पावलोव यांच्या कुत्र्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. त्यांना १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी, आणि अन्न तोंडात पडण्याआधीच कुत्र्याला लाळ सुटते हे त्यांनी त्याच कामात पाहिलं. बंड्याचं तेच चाललंय, फक्त उलट्या टोकाने. पहिल्या प्रवासात मळमळलं, उलटी झाली. आता गाडी हलायची गरजच नाही, नुसती दिसली तरी लाळ सुटते. म्हणजे भीती आहेच, पण तिच्याखाली पोटाचा भाग असू शकतो. तो राहिला तर सगळा सराव करून गाडीत बसवाल आणि पहिल्याच वळणावर परत उलटी. सगळं मुसळ केरात.

डॉक्टरांना मॅरोपिटंटबद्दल विचारा. कुत्र्यांना प्रवासात होणाऱ्या उलट्यांवर ते दिलं जातं. गोळी निघण्याच्या किमान दोन तास आधी द्यावी लागते. गाडीत बसताना घशात ढकलून उपयोग नाही. किती द्यायची ते डॉक्टर वजनावरून ठरवतील. निघायच्या आधी काही तास भरपेट जेवण नको. घाबरट कुत्र्यासाठी चिंता कमी करणारी वेगळी औषधं असतात. नुसती गुंगीची गोळी मागू नका. अंग ढिलं पडतं, पण आत भीती तशीच राहू शकते, आणि बाहेरून आपल्याला वाटतं शांत झाला.

आणि घरातल्या डब्यातलं माणसांचं औषध मुळीच नको. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल देऊन आणलेली कुत्री आम्ही पाहतो. खाऊ म्हणून द्राक्षं, मनुका, चॉकलेट किंवा झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते) घातलेलं गोड काहीही नको.

पिल्लं असणाऱ्यांसाठी: लहान वयात गाडी लागणं जास्त दिसतं, आणि बरीच पिल्लं वर्षाची होईतो त्यातून बाहेर पडतात. पण तोवर गाडी नकोशी झाली तर पोट बरं झाल्यावरही नकोशीच राहते.

पायवाट
नऊ दिवसांनी हजेरी.

पहिले चार दिवस छान. पंधरा फुटांवरून सहावर आलो. पाचव्या दिवशी सगळं परत पंधरावर, आणि कारण कळेना. तीच वेळ, तोच खाऊ, तीच जागा. बायको म्हणाली मी व्हिडिओ काढते, तू कर. रात्री बघितला आणि उलगडा झाला.

व्हिडिओत बंड्या गाडीपासून आठ फुटांवर मजेत उभा आहे, शेपूट सैल. मी बोगद्याच्या नादात दारं उघडायला खिशातल्या किल्लीचं बटण दाबतो. टुंक. त्याच क्षणी त्याचे कान डोक्याला चिकटतात, वजन मागच्या पायांवर जातं आणि जीभ एकदा नाकावरून फिरते. मी तेव्हा दाराकडे बघत होतो, मला काहीच दिसलं नव्हतं. दोन सेकंदांनी मी वळतो आणि म्हणतो, "काय रे, काय झालं?"

गेल्या आठ महिन्यांत प्रत्येक वेळी तो टुंक आधी वाजला आणि मग बाकीचं घडलं. मी गाडीची भीती घालवत होतो आणि हा आवाजाला घाबरत होता.

खारूताई
वा! व्हिडिओची कल्पना वहिनींची, हे नोंदवून ठेवते.

आता टुंकचा सराव घरात करा. किल्ली घेऊन शक्य तितक्या लांबच्या खोलीत जा, बटण दाबा, आवाज जेमतेम ऐकू येईल असा, आणि लगेच खाऊ. दिवसातून पाच-सहा वेळा, गाडीकडे न जाता. रेंज लागत नसेल तर आवाज फोनवर रेकॉर्ड करून अगदी हळू वाजवा. तोवर गाडी आधीच उघडून ठेवा आणि किल्ली घरात.

डिकीचाही विचार करा. ती उघडताना फुस्स करते, बंद करताना धाडकन आवाज येतो आणि सगळी गाडी हादरते. आत पिंजऱ्यात बसलेल्याला ते कसं वाटलं असेल. माझं मत, डिकी सोडूनच द्या. मागची सीट त्याची.

मधलंबोट
सीट त्याची म्हणताय तर सुरक्षेचंही बोलू. मोकळा सोडू नका. ताशी ५० किमीवर गाडी कशाला आपटली तर आतल्या मोकळ्या प्राण्याची धडक साधारण दहा मीटर उंचीवरून पडल्यासारखी असते, आणि तो पुढच्या माणसाच्या मानेवर येतो. रुंद छातीपट्टीचा, गाडीसाठी बनवलेला हार्नेस घ्या आणि सीटबेल्टला अडकवा. गळपट्ट्याला अडकवू नका, ब्रेक लागला की सगळा झटका मानेवर. पुढच्या सीटवर नको, एअरबॅग माणसाच्या मापाने उघडते. खिडकीतून डोकं बाहेर काढलेला कुत्रा फोटोत छान दिसतो, पण डोळ्यात खडा गेला की मग डॉक्टर.

वाटेत थांबलात तर "दोनच मिनिटांत येतो" करून गाडीत ठेवू नका. बाहेर ३० अंश असताना बंद गाडीत दहा मिनिटांत ४० च्या जवळ जातं, आणि काच बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो. आतली हवाच तापली की धापांचा उपयोग उरत नाही.

हार्नेसची सवयही आधी घरात लावा. नाहीतर तो घातला की बंड्याला कळेल कुठे चाललोय, आणि तुमचा दुसरा टुंक तयार.

पायवाट
दुसरा टुंक वाचून घाम फुटला. आजपासून हार्नेस घालून घरातच जेवतोय तो.

पायवाट
सहावा आठवडा.

टुंकला बारा दिवस लागले. आता बटण वाजलं की माझ्या खिशाकडे बघतो. बोगदा त्याला इतका आवडला की चार दिवस तो फक्त आरपारच जात होता, थांबायचं नाव नाही. एका बाजूने शिरायचा, दुसरीकडून उडी, गाडीला वळसा घालून परत पहिल्या दारात. शेवटी मुलगी आत मांडीवर पुस्तक घेऊन बसली, त्याच्याकडे न बघता. पाचव्या फेरीला थांबला, पुस्तकाचा वास घेतला आणि बसला. कुणी काही बोललं नाही. मी बाहेर श्वास रोखून उभा.

पहिला प्रवास फाटकापर्यंत, चाळीस फूट. दुसरा गल्लीच्या टोकापर्यंत. तिसऱ्या वेळी मोकळ्या मैदानावर नेलं, पळवलं, परत आणलं. जाताना लाळ होती, येताना नव्हती. एकदा मधे उलटी झाली. चूक माझीच, त्या दिवशी जेवण देऊन तासाभरात निघालो होतो. दोन दिवस गाडी नाही, मग परत फाटकापासून. डिकीकडे अजूनही फिरकत नाही. मीही तिचं नाव काढत नाही.

ओवी
ते पुस्तकाचं वाचून फार बरं वाटलं.

पायवाट
पोचलो. डॉक्टरांनी दिलेली गोळी निघण्याआधी अडीच तास दिली. तीन तासांच्या रस्त्यात दोनदा थांबलो, पट्टा लावूनच उतरवला. पहिला तास धापा टाकत होता, मग मुलीच्या पायावर हनुवटी टेकून पडला. झोपला असं म्हणणार नाही, ब्रेक लागला की एक डोळा उघडायचा. उलटी नाही. नव्या घरात तीन दिवस पलंगाखाली मुक्काम होता, पण तो वेगळा विषय.

सगळ्यांचे आभार.

सडेतोड
अभिनंदन. एक विचारायचं होतं. आमच्या ज्युलीचं वजन ३१ किलो आहे. ती लिफ्टमध्ये शिरत नाही, पाचव्या मजल्यावर राहतो आणि माझा गुडघा गेलाय. बोगदा करायचा तर दोन्ही बाजूंनी दार उघडणारी लिफ्ट कुठून आणू?

बोकोबा
उचला आणि आत टाका.

शेपूटवाला
बोकोबा, :)))

सडेतोड, वेगळा धागा काढा. आणि ज्युली आजवर लिफ्टने कुठे कुठे गेली, ती यादी आधी लिहा.